क्रीम रंगाची सीट

जेंगकोल खाल्ला की लपत नाही. तोंडाला वास, घामाला वास, आणि न्हाणीघरात तर असा वास की शेजारणीलाही कळावं, काल या घरात काय शिजलं होतं. चपट्या, गोल, तुरट बिया. पण चटक अशी की सुंदा मुलखातला माणूस एक वेळ बायको सोडील, जेंगकोल सोडायचा नाही. हाजी विर्या, गावाचा मानाचा पाक हाजी, तो चोरून खायचा. मशिदीचा कारभार हाती आल्यापासून नमाजाला पहिल्या रांगेत उभं राहावं लागे, आणि त्या रांगेतल्या तोंडाला तसला वास शोभत नव्हता. बायको कोकोम, गावाची बू हाजी, तर बी घरात आणू देत नसे. मग हा बाबा संध्याकाळी आपल्या भाताच्या गिरणीवर डबा मागवायचा आणि रमजान असला की पहाटे, उपवास सुरू व्हायच्या आधी, तिथेच पोत्यांच्या आड बसून चापायचा.

डबा ओमसचा. गावात तिची खाणावळ होती आणि हाताला चव होती. बिया चुलीच्या राखेत घालून उकळायच्या, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायच्या, मग ठेचून गोडसर काळ्या रश्श्यात मुरवायच्या. राखेच्या पाण्याबरोबर त्यातलं विष जातं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोणी कच्चे खाल्लेच तर दोन-चार, आणि वर तांब्याभर पाणी. उपवासाच्या तोंडावर तर कोणी शहाणा माणूस कच्च्याला हात लावत नाही.

ईद दोन दिवसांवर आली होती. त्या संध्याकाळी ओमसने राखेला हात लावला नाही. तिने कच्चे जेंगकोल चिरले, डबा गच्च भरला, बाजूला खारट सुकी मासळी आणि मिरचीचा झणझणीत ठेचा ठेवला, आणि डबा घेऊन स्वतः गिरणीवर गेली.

"कच्चे?" झाकण उघडून हाजीने डोळे मोठे केले.

"कोवळे आहेत, पाक हाजी. म्हटलं, तुमच्यासारख्या जुन्या खवय्याला रोज शिजवून काय घालायचं? बोळक्या म्हाताऱ्याला पेज भरवल्यासारखं वाटतं."

"अगं, तरुणपणी मी टोपलीभर खायचो! पैजेवर. वर पाण्याचा थेंब नाही!"

"ते तरुणपणी. आता राहू दे, उगाच सोसायचं नाही. आणा इकडे, शिजवून देते."

"सोसायचं नाही? मला?" हाजीने डबा पोटाशी धरला. "जा तू. पहाटे यातली एक बी उरली तर नाव बदलीन."

ओमस हसली. बऱ्याच वर्षांनी ती मनापासून हसली होती. माणसाच्या फुशारकीला नुसतं बोट लावावं, पुढचं तो आपणच करतो.

आता हे का, ते सांगायला हवं. ओमसला एकच मुलगी होती, निंग्रुम. नऊ वर्षांची. पायावरची खरूज पिकली, ती बरी झाली असं वाटतंय तोवर पोरीचं तोंड सुजलं. लघवी आधी काळ्या चहासारखी झाली, मग थेंब थेंब, मग बंदच. गावातल्या दवाखान्याची नर्स चांगली बाई होती. ओमसच्या खाणावळीत नारळाचं दूध गाळायचं फडकं लटकत होतं, ते हातात घेऊन तिने ओमसला, चेउ म्हणजे ताई म्हणत, समजावलं होतं.

"चेउ ओमस, मूत्रपिंडात अशी लाखो बारीक फडकी असतात. दिवसभर सगळं रक्त त्यांतून गाळलं जातं. रक्तातल्या पेशी वर राहतात. पाणी, मीठ, साखर, घाण सगळं खाली पडतं. मग खाली पडलेल्यातून शरीर कामाचं तेवढं परत उचलून घेतं. साखर सगळी, पाणी जवळजवळ सगळं. उरतं ती लघवी. पोरीची ही फडकी सुजून बुजलीत. घाण रक्तातच राहतेय. आजच्या आज शहरात न्यायला हवं."

गावात गाडी एकच, हाजी विर्याची. मुलीच्या लग्नाच्या वरातीसाठी त्याने तिच्यात नुकत्याच क्रीम रंगाच्या सिटा बसवून घेतल्या होत्या. ओमस त्याच्या ओसरीसमोर चिखलात उभी होती, पोर खांद्यावर. हाजी खाली उतरलासुद्धा नाही.

"लघवीचा आजार ना पोरीला? नको बाई. नवी सीट आहे, खराब होईल. मोटरसायकल आहे की तुमची."

मोटरसायकलवर नवरा पुढे, ओमस मागे, मध्ये ओढणीने बांधलेली निंग्रुम. पुलाच्या अलीकडच्या वळणावर पोरीला आकडी आली, आणि पूल ओलांडेपर्यंत ती गेली होती. नवरा पुढे कामासाठी म्हणून समुद्रापलीकडे कालीमंतानला गेला, तो तिकडचाच झाला. ओमस मात्र रोज हाजीला डबा देत राहिली. लोक म्हणायचे, बाईचं मन मोठं. डोंबलाचं मोठं! ती वाट बघत होती.

कच्चे जेंगकोल दिल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपार कलताना कोकोम खाणावळीत धावत आली. डोक्यावरची ओढणी घसरलेली, तोंड पांढरं.

"चेउ, खरं सांग, यांनी जेंगकोल खाल्लाय ना? तोंडाला वास येतोय."

"मी काय सांगू बू हाजी, तुम्ही रागवाल."

"रागवू कशाला! अगं, तोंडाला वास आहे, न्हाणीघराला नाही! सकाळपासून हे पाच वेळा जाऊन आले, आत वासच नाही. लघवीच होत नाहीये त्यांना. कमरेत सुऱ्या खुपसल्यासारखं होतंय म्हणतात, गडाबडा लोळतायत. नर्स ईदला गावी गेली, यांचा भाचा दुदुंग गाडी घेऊन शहरात गेलाय. तुझ्याकडे खायचा सोडा आहे ना? भज्यांचा? जेंगकोल बाधला की माझी आई द्यायची पाण्यातून."

"सोडा संपला," ओमस म्हणाली.

सोड्याचा डबा तिच्या मागेच फळीवर होता.

कोकोम रडत परत गेली आणि ओमस पाटावर बसली. सुख झालं तिला, खोटं कशाला बोला. डोळे मिटले की तिला हाजीचं आतलं सगळं दिसत होतं, नर्सने शिकवलं होतं तसं. पहाटेपासून पाणी नाही, वर खारी मासळी. तहानलेलं शरीर आता गाळलेलं पाणी थेंब न थेंब परत ओढून घेत असेल. उरली असेल ती जरा दाट, आंबट लघवी, आणि तिच्यात जेंगकोलचं विष गोठून झालेल्या सुया. बारीक नळ्यांमध्ये आडव्या-तिडव्या अडकलेल्या. सोड्याने आंबटपणा मेला असता, तर विरघळल्या असत्या. टोचा मेल्याला. अजून टोचा. माझी पोर कशी कण्हत होती ते कळू दे.

पण पाटावर बसल्या बसल्या तिला एक गोष्ट सलायला लागली. हा आता मेला, तर काय म्हणून मरेल? जेंगकोल बाधला म्हणून. लोक हळहळतील, रमजानात गेला, भाग्यवान म्हणतील. त्याला निंग्रुमची आठवणसुद्धा होणार नाही. वार कोणी केला आणि का केला, हेच ज्याला कळलं नाही, त्याच्यावर सूड तो काय उगवला? फुकट गेला सगळा.

ती उठली. फळीवरचा सोडा घेतला, मोठ्या किटलीत पाणी भरलं आणि चालू लागली.

ती पोहोचली तेव्हा गाडी नुकतीच दारात लागली होती. दुदुंग मामाला ओसरीवरून उचलायच्या खटपटीत होता. शेजारीपाजारी जमले होते. ओमसने सोडा पाण्यात ढवळला आणि भांडं हाजीच्या तोंडाला लावलं.

"उपवास..." हाजीने तोंड फिरवलं. परवाच त्याने मशिदीच्या भोंग्यावरून उपवास मोडणाऱ्या हमालाचं नाव घेऊन शोभा केली होती.

"आजाऱ्याला माफ असतो, पाक हाजी. प्या, प्या. हमाल बघतोय, त्याला बरं वाटेल."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. हाजी प्यायला. एक भांडं, दुसरं, तिसरं. मग त्याला मागच्या सिटेवर आडवा घातला, डोक्याशी कोकोम बसली, पायाशी किटली घेऊन ओमस. सीट अजून तशीच होती, क्रीम रंगाची. इतकी वर्षं त्याने कोणाला नीट बसू दिलं असेल तर शपथ.

वाटेत ती पाजत राहिली. गाव मागे पडल्यावर म्हणाली, "सोडा संपला नव्हता, बू हाजी. आणि कच्चे मी मुद्दाम दिले."

कोकोमचा हात तोंडावर गेला. दुदुंगने आरशातून मागे पाहिलं.

"का?" हाजीने विचारलं. खरंच विचारलं. याला आठवतही नव्हतं.

ती उत्तर देणार तेवढ्यात तो कळवळून उठून बसला. "दुदुंग! थांबव! गाडी थांबव! लागली मला... येतेय..."

"थांबवायची नाही," ओमस म्हणाली.

"अगं, सीट! नवी सीट आहे, खराब होईल!"

बोलला, आणि बोलता बोलता गप्प झाला. पुलाच्या अलीकडचं वळण आलं होतं. ओमस त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता आठवलं. आता बरोबर आठवलं.

"हां," ती म्हणाली. "हेच म्हणाला होतात. खराब होईल. अहो, माझ्या पोरीला लघवीचा आजार होता म्हणजे काय होतं? होत नव्हती लघवी! थेंब नव्हता खाली उतरत. तुमच्या सिटेला काही झालं नसतं, हाजी. कोरडीठाक राहिली असती. पोर एवढीशी जरी मुतली असती ना, तर मी तुमच्या दारात आलेच नसते. घरी नाचले असते."

गाडी थांबली नाही. हाजीने दोन्ही हातांनी सीट धरली, ओरडला, आणि ती आली. आधी लाल, कचकच करणारी, रेती असल्यासारखी, मग भळाभळा. क्रीम रंगाच्या कापडावर डाग पसरत कोकोमच्या कमरेला गुंडाळलेल्या सारोंगपर्यंत गेला. गाडीत जेंगकोलचा असा वास कोंदला की दुदुंगने काचा खाली केल्या. हाजी रडत होता, वेदनेने, सुटकेने, आणखी कशाकशाने.

वाचला मेला. शहरातले डॉक्टर आता उरलंसुरलं बघून घेतील.

गाडी पुलावर चढली. हाजीने डोळे पुसले आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "काय नाव होतं तिचं?"

कोकोमला माहीत होतं. तिने तोंड उघडलं, तशी ओमसने तिच्याकडे असं पाहिलं की ते परत मिटलं.

"ते नाही सांगायची," ओमस म्हणाली, आणि भांडं पुन्हा त्याच्या तोंडाला लावलं. "प्या."