नटावरचा पिवळा ठिपका

"इथे सही करा मिस्त्री. 'पट्टा नियमाप्रमाणे बसवला', एवढंच लिहिलंय," पट्ट्याच्या कंपनीचा माणूस म्हणाला. "पाचच्या गाडीने मला सुरत गाठायचीय."

सुरतेच्या माणसाला घाई ही असायचीच. दोधू मिस्त्री मात्र इंजिनात डोकं घालून उभा होता. नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या हेमराजशेठची ही डिझेल गाडी. तिचा टायमिंग बेल्ट, म्हणजे हा पट्टा, दोधूनेच बदलला होता. गाडी नेऊन महिना होतो न होतो तोच नवापूरजवळ पट्टा घसरून फाटला, व्हॉल्व्ह वाकले आणि इंजिनाने मान टाकली. पट्ट्याची वॉरंटी अजून होती. कंपनीच्या माणसाने पट्ट्याच्या पाठीवरचा नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. माल अस्सल निघाला. आता पट्टाच खराब होता असं लिहिलं, की इंजिनाचा सगळा खर्च कंपनीच्या माथी. बसवणाऱ्याची सही तेवढी राहिली होती.

दोधू पट्ट्याला ताण देणाऱ्या पुलीचा नट बघत होता. नट पान्याने आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. बाकीचे मिस्त्री हसायचे, दोधू नटाला हळद लावतो म्हणायचे. या नटाला हळद लागलीच नव्हती. त्याने दोन बोटांनी नट फिरवून पाहिला, तो मुकाट फिरला.

पट्टा बदलला त्या दुपारी नट हाताने बसवून तो पाना उचलणार, तोच दवाखान्यातून फोन आला होता. तुळशीबाई, त्याची बायको, गेली. तेराव्यानंतर तो गॅरेजात आला, तेव्हा झाकणच काय ते लावायचं राहिलंय असं त्याला वाटलं. झाकण लावलं, चावी शेठच्या हातात दिली. त्या दिवसांत त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतंच. घरी जाऊन दोघांचा भात टाकायचा आणि निम्मा गाईला घालायचा, असं चाललं होतं. अजूनही तेच चाललंय, पण हे सांगणार कोणाला?

"पट्टाना काही दोष नही शे, साहेब," दोधू म्हणाला. "मी नट आवळाच नही."

साहेबाने पेन खिशात घातलं. मग वॉरंटीचा प्रश्नच उरत नाही म्हणाला आणि रिक्षा शोधायला गेला.

"येडा व्हयना का दोधूभाऊ?" हेमराजशेठ ओरडला. "कोणले कळतं?"

"माले कळनं ना, सेठ. इंजिन मी करी देस. एक पैसा लेवाव नही."

दोघांची ओळख वीस वर्षांची, त्यामुळे बोलणं शेठलाही जड गेलं. "राग मानू नको भाऊ," तो म्हणाला. "मन्हा पोरंसोरं बसतस या गाडीमा. मी दुसराकडे देस."

दोधूला ते लागलं, फार लागलं. पण शेठचं चुकलं असं त्याला म्हणता येईना.

दुसरं गॅरेज रस्त्यापलीकडे, चार दुकानं सोडून होतं. बंद इंजिनाची गाडी तिथवर न्यायची कशी, म्हणून शेठ इकडेतिकडे माणसं शोधू लागला.

"तुम्हीन स्टेअरिंगवर बठा," दोधू म्हणाला. "मी ढकलस."

त्याने हात पुसले, डिकीला खांदा लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत गाडी रस्त्यावर काढली.