नऊ नंबरमध्ये कोणाचे काय होते

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, आज मी काशीमीऱ्याला महामार्गाच्या कडेला एका भंगाराच्या गोदामात पडलो आहे. माझ्या एका अंगाला पाते तुटलेला पंखा आहे आणि दुसऱ्या अंगाला कुठल्या तरी हॉटेलातले जळके मिक्सर. बाहेरून जड ट्रक गेला की आम्ही सगळेच थोडे हलतो. माझ्या पुढच्या बाजूला एक पांढरी पट्टी अजून चिकटलेली आहे. तिच्यावर निळ्या शाईने ‘९’ लिहिले आहे. तेच माझे नाव होते. सगळे मला नऊ नंबर म्हणत.

माझा जन्म एका जागी झाला नाही. पडदा एका देशातून आला, मेंदू दुसऱ्या देशातून, आणि पत्र्याची पेटी इथेच वसईला वळवली गेली. २००४ सालच्या जून महिन्यात एका माणसाने हे सगळे टेबलावर मांडले, स्क्रू पिळले आणि माझ्या इतर भावंडांबरोबर मला टेम्पोत घालून मीरा रोडच्या एका महाविद्यालयात आणून उतरवले. तिसऱ्या मजल्यावर आमची लॅब होती. खिडक्यांना जाड पडदे होते, एसीचा गारवा होता आणि दाराबाहेर चपलांसाठी लाकडी स्टँड होता.

दाराच्या आतल्या बाजूला नियमांचा फलक होता. लॅबच्या प्रमुख सुचेता मॅडम यांनी तो स्वतः टाइप करून लॅमिनेट करून घेतला होता. पादत्राणे बाहेर काढावीत, हा त्यातला पहिला नियम. बाहेरचा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावू नये, दुसऱ्याच्या फाइलला हात लावू नये, आपल्या कामाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, कोणतेही यंत्र फॉरमॅट करायचे झाल्यास आदल्या दिवशी फळ्यावर सूचना लिहावी, असे पुढचे नियम होते.

मी त्या फलकाच्या समोरच बसत असे, म्हणून खात्रीने सांगतो. पहिला नियम कोणी कधी मोडला नाही. कितीही घाईत असलेला मुलगा एका पायावर नाचत सँडलचा पट्टा सोडी आणि मगच आत येई. देवळात शिरावे तसे सगळे अनवाणी येत. दसऱ्याला आम्हाला झेंडूच्या माळा घालत, हळदकुंकू लावत. इतका मान क्वचित कोणाला मिळत असेल. पण पाय स्वच्छ आहेत म्हणजे आपण नियम पाळले, असे प्रत्येकाला वाटे आणि फलकावरच्या पुढच्या ओळींकडे कोणी बघत नसे.

पहिली वर्षे माझी फार चांगली गेली. माझ्यावर किती हात बसले, मोजदाद नाही. कोणी कळा बडवत, कोणी त्यांच्यावर नुसते बोट फिरवत. सगळ्यांसाठी आत शिरायचे नाव एकच होते, ‘स्टुडंट’. आत गेल्यावर ज्याने त्याने स्वतःच्या नावाचा फोल्डर करायचा आणि आपले काम त्यात ठेवायचे, अशी लॅबची पद्धत पडली होती. एखाद्या चाळीतल्या सामाईक माळ्यासारखे ते होते. कडी नाही, कुलूप नाही, प्रत्येकाची पेटी नावानिशी ठेवलेली.

त्यात एक फोल्डर स्वप्नालीचा होता.

ती उत्तनच्या पुढच्या चौक गावातून येई. आधी बस, मग भाईंदरहून शेअर रिक्षा. घरी संगणक नव्हता. वडील धाकू बोटीवर जात आणि आई द्वारका मासळी सुकवून विके. स्वप्नाली शेवटच्या वर्षाला आली तेव्हा तिला प्रोजेक्ट करायचा होता. इतर मुले दुकानाच्या बिलाचे नाही तर वाचनालयाचे प्रोग्रॅम करत. तिने भरती-ओहोटीचा केला. तिथी टाकली की त्या दिवशी त्यांच्या किनाऱ्याला भरती केव्हा येणार, ते पडद्यावर दिसायचे. वडील तिथीवरून तोंडी हिशेब करत. तो तिने त्यांच्याकडून समजून घेतला होता आणि माझ्या भाषेत उतरवत होती. कधी वेळ चुके. मग ती दुसऱ्या दिवशी येऊन आठ नंबरवर बसणाऱ्या रसिकाला सांगे, “पप्पा हसले गं माझ्यावर. म्हणाले, या वेळेला बोट काढली तर चिखलातच बसू.” आणि पुन्हा कळा चालू होत.

अभिनव नावाचा एक मुलगा होता. मीरा रोडलाच राहायचा, घरी स्वतःचा संगणक असलेला, स्वभावाने वाईट नव्हे. एकदा माझ्यावर बसता बसता तो मोठ्याने म्हणाला, “नऊ नंबरवर कोण बसतं रे? कीबोर्डला बोंबलाचा वास येतोय.”

स्वप्नालीने मान वर न करता सांगितले, “बोंबील नाही, वाकट्या. बोंबील मंगळवारी.”

सगळी लॅब हसली. अभिनवही हसला, आणि त्यानंतर तो तिला कधी तसे बोलला नाही.

मित्रांनो, स्वप्नालीच्या घरात एक गोष्ट ठरलेली होती. तिला तीन वर्षे शिकू द्यायचे, मग धाकट्या बहिणीची, सलोनीची पाळी. चौथे वर्ष मिळणार नव्हते. म्हणून रसिका तिला वरचेवर विचारी, की कामाची दुसरी प्रत केलीस का. स्वप्नालीने सुरुवातीला फ्लॉपीवर केली होती. ती दोन महिन्यांत बुरशी धरून बसली. मग तिने तो नादच सोडला. तिचे म्हणणे मला शब्दशः आठवते.

“आमच्याकडे खारा वारा असतो. कडीकोयंडा गंजतो, शिलाई मशीन गंजलं, पंखा गंजला. घरी नेलेलं काही टिकत नाही बघ. इथे एसी आहे, माणसं चपला काढून येतात. इथेच बरं आहे ते.”

समुद्रकाठच्या माणसाला जपणे म्हणजे वाऱ्यापासून जपणे, एवढेच ठाऊक असते. मला त्या दिवशी मोठा अभिमान वाटला. कोणी तरी मला आपल्या घरापेक्षा सुरक्षित मानले होते.

२००८ सालचा मार्च आला. प्रोजेक्ट दाखवण्याचा दिवस जवळ आला होता. एका सकाळी अभिनव लवकर आला. स्टेशनजवळच्या एका गाळ्यातून त्याने पेन ड्राइव्हवर नवी गाणी भरून आणली होती आणि ती मित्रांना द्यायची होती. त्याने पेन ड्राइव्ह लावताच मी नियमाप्रमाणे तपासणी सुरू केली. तिला वेळ लागतो. अभिनवने ती मध्येच बंद केली. रोज सगळेच तसे करत.

पेन ड्राइव्हमधून विषाणू आत आला. तो काही खात नव्हता, फाडत नव्हता. त्याने फक्त सगळ्यांचे फोल्डर लपवले आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे खोटे फोल्डर मांडले. ते उघडले की आत काहीच नसे. खरे फोल्डर जागच्या जागी होते. स्वप्नालीचा समुद्र, तिच्या तिथी, तिच्या चुकलेल्या आणि सुधारलेल्या वेळा, सगळे माझ्यापाशी धड होते. ज्याला माहीत होते त्याला ते दोन ओळी टाइप करून परत दिसले असते.

पण अभिनव घाबरला. त्याने एक फोल्डर उघडला, रिकामा. दुसरा उघडला, रिकामा. तेवढ्यात लॅब असिस्टंट चंदन आला. चंदन हुशार होता, पण उद्या बाहेरचे परीक्षक येणार म्हणून त्याच्यामागे शंभर कामे होती. आमच्या लॅबमध्ये एक पद्धत होती. यंत्र हळू चालले, फॉरमॅट मारा. आवाज आला नाही, फॉरमॅट मारा. सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. चंदनने सीडी काढली. मग क्षणभर थांबून त्याने विचारले, “ह्याच्यात कोणाचं काही आहे का?”

अभिनव म्हणाला, “नाही रे, रिकामंच आहे सगळं. मारून टाक, मॅडम यायच्या आत.”

चंदनने प्रश्न बरोबर विचारला होता. फक्त ज्याचे काही नव्हते त्याला विचारला. स्वप्नाली त्या वेळी उत्तनच्या रस्त्यावर बसमध्ये होती. फळ्यावर सूचना नव्हती. यंत्र आजच बिघडलेले, मग आदल्या दिवशीची सूचना कुठून येणार?

मला बोलता येत असते तर मी तिचे नाव घेतले असते. मी एवढेच केले की दोनदा अडलो. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आणला, सगळे पुसले जाईल, खरेच पुसायचे का? चंदनने वाचले नाही. त्याने ‘हो’ची कळ दाबली.

स्वप्नाली आली तेव्हा माझ्या पडद्यावर निळे आकाश आणि हिरवी टेकडी होती, नव्या यंत्रावर असते तशी. तिने फोल्डर शोधला. पुन्हा शोधला. मग रसिकाला विचारले, “मी चुकून दुसऱ्या नंबरवर बसले का?” पट्टीवरचा आकडा तिने बोटाने चाचपून पाहिला. चंदनला सगळे उमगले आणि तो खाली बघू लागला. सांगितले अभिनवनेच.

“मला वाटलं, रिकामं आहे.”

“वाटलं ना?” ती म्हणाली. “मग मला विचारायचं होतंस. माझं नाव लिहिलेलं होतं त्यावर.”

ती रडली नाही, ओरडली नाही. हे मला जास्त जड गेले.

सुचेता मॅडम आल्या. त्यांनी चंदनला सगळ्यांसमोर काही म्हटले नाही, पण त्यांचा चेहरा उतरला होता. तारीख विद्यापीठाची होती, ती पुढे ढकलणे त्यांच्या हातात नव्हते. आजचा दिवस आणि उद्याची सकाळ एवढाच वेळ होता. मॅडमनी तिला चार नंबरवर बसायला सांगितले. तो नवा होता आणि वेगवान. स्वप्नालीने मान हलवली.

“नऊ नंबरच द्या, मॅडम. माझा हात बसलाय ह्याच्यावर.”

मित्रांनो, आता मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते मी इतकी वर्षे मनात ठेवले आहे. फॉरमॅट केले म्हणजे मजकूर लगेच नाहीसा होत नाही. तो आपल्या जागी पडून राहतो, फक्त तो कुठे आहे हे सांगणारी खूण पुसली जाते. माझ्यावर नवीन काही लिहिले नसते, मला बंद करून कोणा जाणकाराकडे नेले असते, तर तिचे पुष्कळसे काम परत निघाले असते. तेव्हाही ते माझ्यापाशीच होते.

आणि ती लिहू लागली. आठवून आठवून, ओठ हलवत, तिथी पुटपुटत. तिची नवी ओळ आली की खालची जुनी ओळ जाई. अर्धवट आठवलेले, घाईत लिहिलेले तिचे काम तिच्याच पुऱ्या झालेल्या कामावर पडत होते. रसिका शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होती. अभिनवने सगळ्यांसाठी चहा आणला. लॅबमध्ये चहा नको म्हणून तो दाराबाहेरच ठेवला आणि तिथेच निवला. सगळे जिवापाड तिला मदत करत होते. मदत करत करत उरलेसुरलेही पुसत होते.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी एकेक तिथी टाकून पाहिली. पंचमीपर्यंतच्या वेळा आल्या. पुढे पडदा कोरा. त्यांनी दोन प्रश्न विचारले, तिने नीट उत्तरे दिली. पण अपूर्ण ते अपूर्णच. पुढच्या वर्षी पुन्हा बसावे, असे त्यांनी सुचवले.

काही दिवसांनी द्वारका महाविद्यालयात आली. लॅबच्या दारात तिने चपला काढल्या. तेवढे तिला सांगावे लागले नाही. आमच्या रांगेकडे बघत ती सुचेता मॅडमना म्हणाली, “पोर बोलते, मशीननं खाल्लं. मशीन खाते काय बाई?”

मॅडम म्हणाल्या, “नाही हो. मशीनचा काही दोष नाही. आमचंच चुकलं.”

“मंग तिला एक साल द्या ना.”

मॅडम म्हणाल्या की महाविद्यालय देईल, जागा आहे. “तुम्ही द्याल,” द्वारका म्हणाली. “आमच्याकडं न्हाय. तीन वर्सं बोललो व्हतो. आता धाकटीची पाळी हाय.” मग तिने माझ्याकडे पाहिले. कोणते यंत्र ते तिला माहीत नसावे. पण मला वाटले, माझ्याकडेच पाहिले.

स्वप्नाली परत आली नाही. चंदनने नंतर एका दुरुस्तीवाल्याला विचारले होते. माझ्यासमोरच विचारले. तो म्हणाला, तेव्हाच बंद करून ठेवले असते तर निघाले असते. चंदन बराच वेळ माझ्या पत्र्यावर हात ठेवून उभा होता. त्या दिवसापासून तो फॉरमॅटची सूचना आदल्या दिवशी फळ्यावर लिहू लागला आणि प्रत्येक नाव मोठ्याने पुकारू लागला. सलोनी त्याच महाविद्यालयात आली की दुसरीकडे गेली, मला कळले नाही. दोन वर्षांत माझा पडदा पिवळा पडला, पंखा घरघरू लागला. आधी मला जिन्याखाली ठेवले, मग इथे आणले. कुठल्या तरी दसऱ्याचे कुंकू माझ्या फटीत अजून थोडे आहे.

मित्रांनो, सामाईक यंत्र म्हणजे कोणाचेच नसलेले यंत्र नव्हे. तुमच्या आधी जो उठून गेला त्याचे काही तरी तिथे असते, आणि तो परत येणार असतो. बाहेर चपला काढता, ते चांगलेच आहे. आत आल्यावरही तितकेच जपून वागा. तुमच्या कामाची एक प्रत तुमच्याजवळ ठेवा, जागा कितीही सुरक्षित वाटली तरी. आणि काहीही पुसण्याआधी विचारा, ह्याच्यात कोणाचं काही आहे का? विचारून थांबा. ज्याचे आहे तो बसमधून उतरून जिना चढून येईपर्यंत तरी थांबा.

उद्या-परवा इथला माणूस हातोडी घेऊन माझ्यातली मजकूर साठवणारी चकती काढेल. तो कोणाला विचारणार नाही आणि विचारायची गरजही उरलेली नाही. माझ्यात आता खरोखरच कोणाचे काही नाही.