बाकाखालचा हीटर

गाड्यांच्या तळावर त्यांना सगळे वॅटराव म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडे. उभा जन्म विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरमागे गेलेला. निवृत्त झाल्यावर घरगाडी घेतली, बायकोला घेऊन हिंडायला निघाले आणि थंडी सुरू होता होता या तळावर येऊन टेकले. इथे हिवाळाभर घरगाड्या रांगेने उभ्या असत. दर दोन गाड्यांमध्ये विजेचा एक खांब, त्यातून दोन्हीकडे केबल.

संध्याकाळी लोक खुर्च्या टाकून बसले, की गाडी उबदार कशी ठेवावी हे वॅटरावांना कुणी विचारायचीच खोटी. तेलाचा हीटर सावकाश तापतो पण ऊब धरून ठेवतो, पंख्याचा लगेच तापतो आणि लगेच निवतो, भिंतीवरचं पॅनेल समोरच्यालाच शेकतं. हे सगळं खरंच होतं. पण शेवटी ते छाती काढून म्हणत, "फटी नीट बुजवल्या ना, की एक लहान पंख्याचा हीटर पुरतो. एक! आमच्याकडे येऊन बघा."

लोक येऊन बघत, आणि गाडी खरोखरच मस्त उबदार असे. बायको कौतुकाने सांगे, "मी म्हणत होते दोन घ्या. पण ह्यांना त्यातलं कळतं हो."

तिला बिचारीला काय माहीत, की ती ज्या बाकावर बसून हे सांगतेय त्याच्याच पेटीत दुसरा हीटर आहे. चांगला धिप्पाड, तेलाचा. पहिल्याच कडाक्याला एका हीटरपुढे वॅटरावांचे दात वाजले होते. पण तोवर 'एक पुरतो' हे तळभर सांगून झालेलं! मग बाजारात जातो म्हणून गेले, दुसरा आणला आणि बायको आंघोळीला गेल्याचं बघून पेटीत बसवला. बंद जागेत हीटर ठेवू नका, असं ज्याने जन्मभर गिऱ्हाइकांना बजावलं, त्याच माणसाने हे केलं. पेटीला पुढून जाळी होती, एवढंच नशीब.

खांबाच्या पलीकडच्या गाडीत मावशी राहत. नवरा गेल्यापासून एकट्या. तळावरच्या गाड्यांचे पडदे, गाद्यांचे अभ्रे शिवून देत. त्यांच्याकडे नवऱ्याने आणलेला एक जुना हीटर होता. रोज फडक्याने पुसून तो त्यांनी नव्यासारखा ठेवला होता.

थंडी वाढली तशी दोन्ही गाड्यांची वीज एकदम जायला लागली. तळाचा मॅनेजर आला, त्याने खांबावरची पेटी उघडली.

"दोन्ही गाड्यांना मिळून एकच खटका आहे, भार वाढला की तो पडतो," तो म्हणाला. "कुणीतरी जास्त ओढतंय. वॅटरावांचा तर एकच लहान हीटर. मावशी, तुमचा जुना झालाय, त्यातच काहीतरी असणार. वॅटराव, तुम्ही जाणकार, बघा जरा."

वॅटरावांची कानशिलं तापली. कोण जास्त ओढतंय, हे त्यांना खटका बघताक्षणीच कळलं होतं. तेव्हाच बोलले असते तर थोडं हसं झालं असतं आणि विषय संपला असता. पण भोवती चार माणसं उभी होती आणि बायको अभिमानाने बघत होती. त्यांनी मावशींचा हीटर उघडला. तार शाबूत, स्क्रू घट्ट, आत धुळीचा कण नाही.

"आतून गेलाय, मावशी," ते म्हणाले. "वापरू नका. पेट घेईल एखाद्या दिवशी."

मावशींनी छातीवर हात ठेवला. "बाई गं! बरं झालं सांगितलंत. आता तुम्हीच टाकून द्या कुठेतरी. माझ्याच्याने नाही व्हायचं ते."

तो हीटर वॅटरावांनी आपल्या गाडीच्या मागच्या कप्प्यात कोंबला. आणि वीज जायची थांबली! थांबणारच, एक हीटर कमी झाला होता. मॅनेजरने पाठ थोपटली. मावशी रांगेतल्या प्रत्येकाला सांगत फिरल्या, की माझ्यामुळे उगाच त्रास झाला हो सगळ्यांना. ते ऐकून वॅटरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंड काही उघडलं नाही.

मग बायको मावशींना संध्याकाळी गाडीत बोलवायला लागली. त्या नेमक्या त्या बाकावर बसत. "इथे कशी छान ऊब लागते गं," असं म्हणत आणि जाळीपुढे पाय लांबवत. थंडीने त्यांची बोटं सुजली होती. हातातली सुई सारखी निसटायची.

"नवा हीटर घ्या की मावशी," बायको म्हणाली.

"नको गं. भीतीच बसलीय मला. झोपेत काही पेटलं तर?" त्या बोटं चोळत म्हणाल्या. "मी गाडी विकायला सांगितलीय मॅनेजरला. पुतण्याकडे जाते. त्यांच्याकडे माझी अडगळच होणार, पण हात चालत नाहीत तर इथे राहून तरी काय करू?"

वॅटराव भांडी विसळत होते. त्यांनी मान वर केली नाही. आपल्या फुशारकीपायी एका म्हातारीचं घर चाललंय, हे त्यांना लख्ख कळलं आणि स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बाकाखालचा हीटर बंद केला, मावशींचा कप्प्यातून काढला, पुसला आणि त्यांच्याकडे नेऊन लावला. काय सांगायचं ते ठरवलंही होतं: दुरुस्त केला. दोनच शब्द. मावशींना ऊब मिळेल, गाडी राहील, आपली अब्रूही राहील. सगळ्यांचंच भलं!

हीटर तापला. मावशींनी दोन्ही हात त्याच्यापुढे धरले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं बाई, दुरुस्त केलात?"

वॅटरावांनी नुसतं "हं" केलं. मागोमाग येऊन दारात उभ्या राहिलेल्या बायकोला तेवढं पुरलं. तिने तिथूनच हाका मारून शेजारपाजार गोळा केला. मॅनेजरही आला. "बाद झालेला हीटर ह्यांनी चालू केला!" ती सांगत सुटली. मावशी उठल्या आणि त्यांनी वॅटरावांपुढे हात जोडले. आईच्या वयाची बाई ती. सुजलेल्या बोटांनी हात जोडून म्हणाली, "देवासारखे धावून आलात."

आता मात्र वॅटरावांना ते सोसेना.

"मावशी, हात खाली करा," ते म्हणाले. "तो बिघडलेला नव्हताच."

"असं कसं? तुम्हीच तर उघडून बघितलात."

"बघितला. चांगला होता. मी खोटं बोललो."

ते आपल्या गाडीत गेले, बाक उचललं आणि तेलाचा हीटर दोन्ही हातांनी ओढत आणून सगळ्यांपुढे जमिनीवर ठेवला. "हा ओढत होता वीज."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बायको त्या हीटरकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिची मान खाली गेली, तळभर कौतुक तिनेच केलं होतं ना!

मावशींनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझा पेट घेणार नाही ना?"

"नाही मावशी."

"मॅनेजरसाहेब, माझी गाडी विकायची नाहीये," त्या म्हणाल्या. मग बायकोला म्हणाल्या, "चल गं, आत ये. गार वारं सुटलंय." वॅटरावांना या म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी वॅटराव एकटेच गाडीत बसले. लहान पंख्याचा हीटर जीव तोडून घुरघुरत होता आणि तरी पाय गार पडले होते. मावशींच्या खिडकीत उजेड होता. बऱ्याच वेळाने बायको आली. कोट न काढताच रिकाम्या पेटीच्या बाकावर बसली.

"एक पुरत नाही," वॅटराव हळूच म्हणाले.

"ते मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "थंडी वाजते एवढं मला सांगायला काय जात होतं तुमचं?"

तिने कोटाची कॉलर वर ओढून घेतली आणि खिडकीकडे तोंड केलं.