उलट्या बाजूची काजं

पुढच्या खोलीत खिडकीपाशी यांची आरामखुर्ची असायची. मी ती दारामागे सरकवून तिथे शिलाई मशीनं लावली, तेव्हापासून आमच्या घरात धुसफूस. "पहिली ऑर्डर पोचेपर्यंत खपवून घेतो," यांनी बजावलं होतं, "घोळ झाला तर मशीनं बाहेर आणि माझी खुर्ची जागेवर." मशीनं महिला केंद्राची. कायमची जागा असेल तरच ती आम्हा शिवणाऱ्या चौघींकडे, म्हणजे मी, धाकटी जाऊ आणि शेजारच्या दोघी, राहणार होती. म्हणजे खोली गेली की धंदाच बसला. आणि घर काय एकट्या यांचं आहे? फोन आला की मात्र "मालक बोलतोय" म्हणायचं, मग तो माझ्या माहेरचा का असेना! पण भांडत बसले असते तर शिवलं कुणी असतं?

ऑर्डर होती छापखान्यातल्या कामगारांच्या शर्टांची. कापड मी बेतलं, काजं-बटणं धाकट्या जावेनं केली. तिचा हात असा चालतो की बघत राहावं. सगळ्या शर्टांना इस्त्री झाली, तशी मी यांना म्हटलं, "एक घालून तरी दाखवा."

यांनी घातला. बटणं लावायला गेले आणि चाचपडायलाच लागले. "अगं, हे काय? हात उलटा पडतोय!"

मी जवळ जाऊन बघितलं. काजं उजवीकडे, बटणं डावीकडे. जन्मभर आम्ही बायकांचेच कपडे शिवले. पुरुषांच्या शर्टाला हे उलट असतं, ते चौघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. रोज नवऱ्यांचे शर्ट धुतो, वाळत घालतो, घड्या करतो, तरीसुद्धा! जाऊ मटकन खाली बसली. "ताई, काजं तर कापून झाली हो. आता?"

मी यांच्याकडे बघितलं. आता खुर्चीचं काढणार. मला स्वतःचाच इतका राग आला होता, की त्यांनी तसं म्हटलं असतं तर ती खुर्ची मी त्यांच्या डोक्यात... जाऊ दे.

"रडू नकोस गं," मी जावेला म्हटलं. "उजवीकडची काजं शिवून बंद करू आणि त्यांच्यावरच बटणं बसवू. झाकलं जाईल. डावीकडची बटणं काढून तिथे नवी काजं. चल, ऊठ."

हे अजून त्या शर्टातच उभे. मग चष्मा चढवला, छोटी कात्री उचलली आणि सतरंजीवर मांडी घातली. "बटणं मी काढतो. कापड फाटलं तर ओरडायचं नाही."

"ओरडणार," मी म्हटलं.

मी एकदा ओरडलेसुद्धा. पण शर्ट ठरल्या दिवशी पोचले.

पुढच्या आठवड्यात फोन वाजला. यांनीच उचलला. "शर्टांचं का? थांबा हं." आणि मला हाक मारली, "मालकीणबाई, तुमचा फोन!"

मस्करी वाटली म्हणून मी वळून बघितलं. हे हसत नव्हते. भरून आलं मला, खोटं कशाला बोलू! छापखानेवाल्यांना आणखी शर्ट हवे होते, मी लगेच हो म्हटलं.

फोन ठेवून आले तर हे दारामागची खुर्ची उचलून गॅलरीत नेत होते. "तिथे वारा बरा लागतो," म्हणाले.

कसला डोंबलाचा वारा तिथे! पण मी पुढे होऊन त्यांना गॅलरीचं दार उघडून दिलं.