भाईंच्या अंगाऱ्याने उतरलेला ताप

भाईंच्या घरासमोरच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या छातीत जा काय बसलला आसात, ता दूर कर रे म्हाराजा!" भाई गाऱ्हाणं घालत होते.

"व्हय म्हाराजा!" गर्दी ओरडली.

बरे झालेले पुढे बसवले होते. सगळ्यांचे चेहरे गोल, लालसर, फुगलेले. "बघा देवाचा तेज!" भाई म्हणाले. "गोळ्यो खातल्यांची नुसती हाडां दिसतत."

अंगाऱ्याच्या पुडीसाठी लागलेल्या रांगेत माझी आई होती. बाबा क्षयाने गेले आणि महिन्याभरात तिच्याही थुंकीत जंतू सापडले.

"आई, घराक चल."

"तुझ्या बापाशीचो ताप कोणी उतरवल्यान गो? भाईंनीच ना?"

खरं होतं. भाई बाबांचे शाळेपासूनचे मित्र. आमच्या गणपतीची आरती त्यांच्यावाचून सुरू होत नसे. 'दवाखान्याचा औषध बंद कर, देव रागावता,' असं त्यांनी सांगितलं आणि बाबांनी ऐकलं. ताप गेला, भूक लागली, चेहरा भरला. मग बाबा गेले. ताप मात्र परत आला नाही.

बाबांच्या उशाखाली उरलेली अंगाऱ्याची पुडी मी दवाखान्यातल्या डॉक्टर रसिकांकडून तपासून घेतली होती. आज त्याही माझ्याबरोबर आल्या होत्या.

मी पुढे झाले. "भाईकाका, आज पयली पुडी तुमी घेवा."

"माका कित्याक? मी बरो आसय."

"देवाचो प्रसाद. नको कसो म्हणतास?"

गर्दी बघत होती. भाईंनी पुडी उघडली, पण हात तोंडापर्यंत जाईना. आमच्याकडे ते कायम बिनसाखरेचा चहा घेत.

"माका चलाचा नाय," ते पुटपुटले. "माझी साखर वाढात."

पुढे बसलेले हरिश्चंद्रकाका चमकले. "राखेन साखर कशी वाढात रे भाई?"

भाई पुडी मिटू लागले.

"राखेने वाढत नाही. तिच्यात वाटून घातलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वाढते," डॉक्टर म्हणाल्या. "चेहऱ्यावर आहे ती त्यांचीच सूज. क्षयाचा जंतू आपल्या रक्षक पेशीत शिरतो आणि स्वतःची प्रथिनं सोडतो. ती पेशीला जंतू पचवू देत नाहीत, मदतीची हाकही दाबतात. तरी शरीर झगडतं, म्हणून ताप येतो. स्टेरॉइडने तो झगडाच मंदावला. ताप गेला, जंतू वाढत राहिला. काही रुग्णांना आम्हीही हे औषध देतो, पण जंतू मारणाऱ्या गोळ्यांच्या जोडीने. आता शरीराला स्टेरॉइडची सवय झाली आहे, म्हणून पुड्या एकदम सोडू नका. सगळे आजच दवाखान्यात या."

भाईंनी पुन्हा सूर लावला, "बा देवा म्हाराजा..."

कोणी 'व्हय' म्हटलं नाही.

आई त्यांच्यासमोर उभी राहिली. "तुझ्या शब्दार तेंनी तोंडातली गोळी थुकली, भाई. तुझ्या शब्दार." मग माझा हात धरून ती डॉक्टरांच्या मागे चालू लागली.

ताप उतरला म्हणजे रोग गेला, असं नाही. तुमचा ताप कोणी उतरवला, तर कशाने उतरवला ते विचारा. देणारा जितका जवळचा, तितकं आधी विचारा. आमच्या घरात ते कोणी विचारलं नाही, कारण देणारा भाई होता.