फोन ठेवायची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. बांबूची. माझी एक कड उसवली आहे आणि अंगाचा मूळचा पिवळा रंग केव्हाच काळवंडून गेला आहे. धरणगावात ईश्वरनाना आणि ललिताताईंच्या स्वयंपाकघरात मी राहते. आज मला पाहून कुणी कौतुक करणार नाही, पण माझेही दिवस होते.

माझा जन्म यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर झाला. तिथल्या भुराने बांबू तोडून आणले. त्याची बायको गुंताबाई हिने त्यांच्या बारीक कामट्या काढल्या, पाण्यात भिजवल्या आणि मला विणले. कामटीची धार कधी बोटाला लागे. मग ती बोट तोंडात धरून घटकाभर बसे आणि पुन्हा विणायला लागे. तिची लहानगी लेक शेजारी बसून अखंड बडबडत असे आणि गुंताबाई मान वर न करता तिच्या प्रत्येक बोलण्याला हुंकार देत असे. त्या हुंकारांच्या तालावर माझी वीण भरत गेली.

यावलच्या बाजारातून ललिताताईंनी मला घेतले, तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. पुढे कित्येक वर्षे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, गरम भाकरी माझ्यात पडत. सगळे जमिनीवर गोल करून बसत आणि मी मधोमध. या घरात त्यांची लेक दामिनी जन्मली, रांगली, आणि माझ्या कडेला धरून उभी राहायलाही शिकली. पाहुणे आले की म्हणत, "टोपलीतली भाकर मऊ राहते बरं का!" ते ऐकून मी फुगून जाई. खरे सांगते, त्या काळी माझा रुबाब काही विचारू नका.

मग घरात भाकरीचा नवा गरम डबा आला. चकचकीत, झाकणाचा. माझ्यात लसूण ठेवू लागले आणि मला फडताळावर चढवले. तिथून मला खालचे सगळे दिसे. त्याच सुमारास आणखीही काही बदलले. नाना कापसाची दलाली करत. संध्याकाळी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांचे भाव फोनवर येत, म्हणून फोन ताटाशेजारी आला. ललिताताई फोनवर मालिका लावून जेवू लागल्या. दामिनी सातवीत गेली, तेव्हा शिकवणीसाठी म्हणून आईचा जुना फोन तिला मिळाला. तिघे शेजारी शेजारी बसत आणि तिघांच्या माना खाली. भाजीत मीठ कमी पडले तरी कुणाच्या लक्षात येत नसे. मला फार वाईट वाटे, पण लसणाच्या टोपलीला विचारतो कोण?

दामिनीला खो-खोचे भारी वेड. पायाला भिंगरी लावल्यासारखी पळायची. एके दिवशी सराव करताना खांबाजवळ तिचा तोल गेला आणि ती तोंडावर आपटली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, त्याला एक चावट गाणे जोडले आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकून दिला. सगळ्यांनी तो पाहिला, हसले आणि विसरून गेले. दामिनी मात्र विसरली नाही. ती तो पुन्हा पुन्हा पाही. घास हातात, डोळे फोनवर, आणि दर वेळी चेहरा पडलेला. तिने मैदानावर जाणे सोडले.

ललिताताईंनी एकदा तिच्या मागे उभे राहून तो व्हिडिओ पाहिला. संध्याकाळी त्यांनी मला फडताळावरून उतरवले, लसूण काढून ठेवला, मला झटकून पुसले आणि पुन्हा सगळ्यांच्या मधोमध ठेवले.

मग जेवताना सगळे फोन माझ्यात, असा हुकूम सुटला. "आजपाईन जेवाना टाइमले बठ्ठा फोन ह्या टोपलीमा," त्या म्हणाल्या. "तुम्हना बी."

नाना हसले. "मना बी? आनि भाव उना म्हणजे?"

"भाव काय पयी जास का? जेवन व्हयनं का दखा." भाव काही पळून जात नव्हता, जेवण झाल्यावरही बघता आला असता.

पहिले काही दिवस सगळ्यांची तोंडे फुगलेली. माझ्या पोटात ते फोन सारखे थरथरत आणि तिघांचे डोळे माझ्याकडे वळत. दामिनी तर दोन घास खाऊन उठायची. पण ललिताताई जागच्या हलल्या नाहीत. हळूहळू ताटावर शब्द पडू लागले. आधी मिठावरून, मग शेजाऱ्यांवरून, मग शाळेवरून. दामिनी दुसऱ्यांदा भाजी मागू लागली. एकदा नानांनी बाजारातली काही गंमत सांगितली आणि ती ठसका लागेपर्यंत हसली. माझा जीव भांड्यात पडला.

मग ती संध्याकाळ आली. दामिनीने दुपारीच खेळाचा गणवेश धुऊन दोरीवर टाकला होता. जेवायला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली आणि फोन स्वतःहून माझ्यात ठेवला. दोनदा बोलायला तोंड उघडले आणि दोनदा मिटले. शेवटी धीर करून म्हणाली,

"नाना, तुमले एक गोट सांगू?"

"सांग ना, बेटा."

"उद्या ना..."

तेवढ्यात माझ्यातला फोन वाजला. मित्रांनो, मला हात असते तर मी तो आतच दाबून धरला असता. नानांचा हात सवयीने माझ्यात आला.

"दोन मिनिट थांब, जिनवालाना फोन शे," असे म्हणून ते उष्ट्या हाताने अंगणात गेले.

बोलणे लांबले. भाजी गार झाली. दामिनी ताटात भाकरीचे तुकडे नुसते इकडून तिकडे करत राहिली. नाना परत आले आणि म्हणाले, "हां, काय सांगत व्हती तू?"

"काही नही," ती म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ललिताताईंनी मला मधोमध ठेवले, तर ती फोन देईना. "पहिले नाना टाकतीन, मंग मी टाकसू." नाना तेव्हाही भावाचेच काहीतरी पाहत होते. त्या दिवसापासून दामिनी ताट घेऊन आतल्या खोलीत जेवू लागली.

पुढे काही दिवसांनी नाना बाजारातून आले ते उंबऱ्यातच थबकले. खेळाच्या सुलक्षणा मॅडम त्यांना भेटल्या होत्या.

"मॅडम म्हणे, दामिनीले परत संघमा घेवानं व्हतं," ते बायकोला सांगू लागले. "जळगावले जावानं व्हतं. 'घर ईचारीसन येस' म्हनी पोर, आन् मंग उनीच नही."

ललिताताई शांतपणे म्हणाल्या, "तुमले सांगालेच बसेल व्हती ती."

घरी विचारून येते म्हणालेली लेक मॅडमकडे परत का गेली नाही, ते नानांना आता कळले. ते खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिले नव्हते.

मित्रांनो, फोन वाईट आहे असे मी म्हणणार नाही. या घराची चूल त्याच्यावरच पेटते. पण जेवताना त्याला बाजूला ठेवा आणि मोठ्यांनाही ठेवायला लावा. कुणी हसले तर ते हसणे फोनमध्ये पुन्हा पुन्हा पाहत बसू नका. गुडघे झटका आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर जा. आणि तुम्ही काही सांगत असताना समोरच्याचा फोन वाजला, तर मनातले गिळून टाकू नका. त्याचे बोलणे संपू द्या, आणि पुन्हा सांगा. रागावून सांगा, रडून सांगा, पण सांगा. दामिनीला हे कुणीतरी सांगायला हवे होते. मला बोलता येत नाही, याचे इतके दुःख मला कधी झाले नव्हते.

आता रोज संध्याकाळी माझ्यात दोनच फोन असतात, ललिताताईंचा आणि नानांचा. नानांचा वाजतो, थरथरतो, गप्प होतो. नाना त्याच्याकडे वळूनही पाहत नाहीत. ते आतल्या खोलीच्या दाराशी जातात आणि हळूच विचारतात, "बेटा, काय सांगानं व्हतं तुले?"

"काही नही, नाना."

ते परत येतात, चार घास खातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन विचारतात. जळगावचे सामने केव्हाच होऊन गेले. विचारणारा आता रोज विचारतो, पण सांगणारी त्या एका संध्याकाळीच तयार होती.