थांबलेला प्याला

मी एक जुना पितळी प्याला आहे. अहिल्यानगरच्या तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून कल्हई लावली. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत वर्षानुवर्षं प्रभुभोजनाचा द्राक्षारस मी ओठाओठांशी नेला. मग मला सांभाळणाऱ्या संध्याताईंची बदली झाली आणि त्यांच्या भांड्यांबरोबर मीही बेंगळुरूला, व्हाइटफील्डला आलो.

साथीच्या काळात प्लास्टिकच्या इवल्या वाट्या आल्या. मी माळ्यावर काळा पडलो. साथ सरली, तेव्हा ताईंनी मला चिंचेने घासलं. आता त्यांच्याच हॉलमध्ये आपली मराठी माणसं उपासनेला जमतात. जो तो घोट घेतो आणि शेजाऱ्याच्या हाती मला देतो.

मित्रांनो, गेल्या रविवारी मी उल्काच्या हातात अडलो. समोरच्या इमारतीत राहणारी ही पोरगी मला धरून बसली. द्राक्षारस हिंदकळला. तिने मला टेबलावर ठेवलं.

"संध्याताई, तुमची गाडी मी ठोकली. रिव्हर्स घेताना. मंजुनाथ तिथे नव्हताच."

मंजुनाथ म्हणजे फाटकावरचा वॉचमन. गाड्या पुढेमागे करायला किल्ल्या त्याच्याकडे असतात, म्हणून आळ त्याच्यावर आला होता.

"घरी बोलू ना," तिचा नवरा सुशांत पुटपुटला.

"घरी बोललोच की! तू म्हणालास, गप्प बस."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. ताईंचा चेहरा लाल झाला. "अगं, मी कमिटीकडे तक्रार केलीय. उद्यापासून येऊ नको म्हणालेत त्याला!"

"म्हणून तर घोट घेववेना, ताई."

पाळकसाहेबांनी हातातली भाकर खाली ठेवली. "आधी खाली जाऊन या. आम्ही थांबतो."

ताई चपला शोधू लागल्या. "चल. तक्रार माझी होती, मीही येते."

मी टेबलावर अर्धा भरलेला उभा राहिलो. गॅलरीचं दार उघडं होतं, खालचं बोलणं वर येत होतं. दोघी माफी मागत होत्या.

"अक्का, मी बोललो होतो ना, मी नाही केलं? कोणी ऐकलं नाही," मंजुनाथ म्हणाला.

"चुकलंच माझं," ताई म्हणाल्या.

"सरी, ठीक आहे. पण कमिटीला आत्ता लिहा. माझ्यासमोर."

ताईंनी तिथेच सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, उल्काने खाली आपलं नाव घातलं. कमिटीचं उत्तर आलं, "मंजुनाथने नेहमीप्रमाणे यावं." मगच दोघी वर आल्या. उल्काने घोट घेतला आणि मला ताईंपुढे धरलं.

"गॅरेजला गाडी तूच न्यायचीस हं," ताई म्हणाल्या आणि प्यायल्या. राग अजून पुरता गेला नव्हता, पण हात स्थिर होता.

मित्रांनो, मला घासायला चिंच पुरते, माझी फार काळजी करू नका. मात्र मला ओठांशी नेताना एखाद्याचा चेहरा आडवा आला, तर मला खाली ठेवा. त्याच्याकडे जाऊन या. रस कोमट होईल, होऊ द्या. मी थांबेन.